फरकाला नऊने भागून बघ

आदरणीय मॅडम,

समोरासमोर आभार मानले असते, तर 'पुरे गं, कामाला लाग' म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. ऑफिसातल्या तुमच्या निवृत्तीच्या दिवशीही तेच केलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. तुमच्याशिवाय आणखी कुणी वाचलंच, तर ते बहुधा नुकतंच कॉलेजातून बाहेर पडून एखाद्या ऑफिसात खुर्ची गरम करत बसलेलं कुणीतरी असेल. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

खुर्ची गरम करणं हा शब्दप्रयोग मी विचार करून वापरतेय. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, टेबल मिळालं, काम मात्र मिळेना. लॉगिन आयडी यायचा होता. तो येईपर्यंत 'कंपनीची धोरणं वाचून ठेव' असं सांगितलेलं. ती धोरणं लिहिणाऱ्यानेही परत वाचली नसावीत. ओळखवर्गात संस्थेची मूल्यं, दृष्टी, ध्येय असं सगळं मोठ्या पडद्यावर दाखवलं. रजा कुणाकडे मागायची आणि प्रिंटर कुठला वापरायचा, हे कुणी बोललं नाही. मीटिंगमध्ये तीन-तीन अक्षरी संक्षेप उडत असायचे आणि मी वहीत ते लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे. आजूबाजूला सगळे इतके कामात, की काही विचारायचं म्हणजे कुणाची तरी झोपमोड केल्यासारखं वाटायचं.

कॉलेजात एक सोय असते, ती तिथे असताना कळत नाही. प्रश्न आधी तयार असतो. कुणीतरी तो काढलेला असतो, त्याला उत्तर असतं, आणि ते उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच असणार याची हमी असते. ऑफिसात एखादी फाइल येते, खाली 'प्लीज बघ' एवढंच लिहिलेलं असतं. काय बघू? कशासाठी? कधीपर्यंत? चार वर्षं संख्याशास्त्र शिकून मी एका जुळत नसलेल्या बेरजेसमोर बसले होते आणि संध्याकाळी घरी 'आज काय केलंस?' या प्रश्नाला सांगण्यासारखं काही नसायचं. मोबाइल उघडावा तर बरोबरचे सगळे हसऱ्या फोटोंत, गळ्यात ओळखपत्रं, 'नवी सुरुवात' वगैरे. आपल्याला चुकून घेतलंय आणि लवकरच कुणाच्या तरी लक्षात येणार, असं सारखं वाटायचं. याला नाव आहे, हे मला खूप नंतर कळलं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्येच 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हणून त्यावर लेख लिहिला होता, तोही कर्तबगार स्त्रियांचे अनुभव ऐकून.

तुम्हाला हे मी एकदा अर्धवट बोलून दाखवलं. दुसऱ्या कुणीही 'नाही गं, तू हुशार आहेस' म्हटलं असतं. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, 'तुला येत नाही हे खरंच आहे. कालपरवा तर आलीस. येईल कसं?' त्यानंतर किती हलकं वाटलं, ते सांगता येत नाही. येत नसणं हा त्या दिवसापासून गुन्हा राहिला नाही, नुसती सद्यस्थिती झाली.

आणि मग ती बेरीज. वेगवेगळ्या शाखांकडून आलेले आकडे एकत्र करायचे, आणि आलेल्या एकूण रकमेशी ताडून बघायचे, हे काम. शाखेने पाठवलेली बेरीज आणि आपल्याकडची बेरीज यांत 54चा फरक. शेकडो ओळी. मी वरून एकेक ओळ तपासायला घेतली होती. तुम्ही शेजारच्या टेबलावरून विचारलंत, 'फरक किती?' मी सांगितला. 'नऊने भागला जातो का बघ.'

जातो. सहा वेळा.

'मग कुठेतरी शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडलेत. आणि त्या दोन अंकांत सहाचा फरक आहे. 71चे 17, 82चे 28, 93चे 39, असं काहीतरी शोध. सगळं वाचत बसू नकोस.' पाच-सात मिनिटांत सापडलं. मूळ कागदावर 4,382 आणि शीटमध्ये 4,328. तिकडे टाइप करताना कुणाचं तरी बोट घसरलं होतं.

हे तुम्ही कुठे शिकलात विचारलं, तर म्हणालात, 'आमच्या वेळी रजिस्टर होतं. बेरीज जुळल्याशिवाय घरी जायला मिळायचं नाही. आपोआप शिकतं माणूस.' मला मात्र रात्री चैन पडेना. कागद घेऊन बसले. दोन अंकी संख्येत दहाच्या जागी क, एकाच्या जागी ख. म्हणजे 10क + ख. उलटी केली की 10ख + क. वजा केलं की उरतं 9 गुणिले (क − ख). संपलं. आठवी-नववीचं बीजगणित. चार वर्षांच्या पदवीत मी याहून कितीतरी अवघड सिद्धता केल्या होत्या, पण एखादी सिद्धता कुणाला वेळेवर घरी पोचवू शकते, हे पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते मांडून दाखवलं. तुम्ही कागद हातात घेऊन बराच वेळ बघितलात. 'अच्छा, म्हणून होय!' म्हणालात आणि कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलात. माझ्या पदवीचा त्या ऑफिसात झालेला तो पहिला सत्कार.

पुढे तुम्ही त्यातले पोटप्रकारही सांगितलेत. एखादं शून्य जास्त किंवा कमी पडलं, 45च्या जागी 450 झाले, तरी फरक नऊच्याच पटीत येतो, तेव्हा दोन्ही शक्यता बघायच्या. फरक सम असेल तर त्याचा निम्मा करायचा आणि तो आकडा शोधायचा. फरक 246 असेल तर 123ची रक्कम मिळवायच्या ऐवजी वजा झालेली असू शकते. हे कुठल्याही प्रशिक्षणात नसतं. कारण प्रशिक्षण देणाऱ्यांनी बेरीज जुळेपर्यंत कधी बसून काढलेलं नसतं, असं माझं मत झालंय. चुकत असेन तर सांगा.

तुमच्या शिकवण्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही माझ्या माउसला कधी हात लावला नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायचात, हात पाठीशी बांधून, आणि नुसतं सांगायचात. 'वर जा. अजून वर. आता उजवीकडे. काय दिसतं?' मी चाचपडायचे, तुम्ही थांबायचात. ज्यांना येतं ती माणसं सहसा 'सरक, मी दाखवते' म्हणतात, भराभर आठ क्लिक करतात आणि 'कळलं ना?' विचारतात. कळलेलं नसतं. पण 'हो' म्हणावं लागतं. त्या पाठीमागे बांधलेल्या हातांसाठी वेगळे आभार. बघवत नसूनही न करणं किती जड जातं, ते आता मला दुसऱ्याला काही दाखवताना समजतं.

प्रश्न विचारायलाही तुम्हीच शिकवलंत. 'मॅडम, हे होत नाहीये' म्हटलं की तुमचा चेहरा दगडासारखा. काय करायचं होतं, काय करून बघितलं आणि नेमकं कुठे अडलं, हे सांगितलं की लगेच खुर्ची वळायची. गंमत अशी की, ते तिन्ही नीट मांडताना निम्म्या वेळा उत्तर माझं मलाच सापडायचं, आणि तुम्ही वळेपर्यंत मी 'राहू द्या, कळलं' म्हणालेली असायचे.

फाइलींच्या नावांबद्दल तुमचा हट्ट मला सुरुवातीला म्हातारपणाचा वाटला होता. आमच्या पिढीच्या फाइलींची नावं म्हणजे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच शेवटची'. तुम्ही म्हणायचात, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग नाव. 2024-03-07 असं. असं लिहिलं की संगणक नावांप्रमाणे लावतो तेव्हा फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या सात तारखा एका जागी गोळा होतात. नंतर वाचलं की जगभरासाठी नेमका असाच नियम ठरलेला आहे, आयएसओ 8601 नावाचा, 1988 पासून. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, 'बरं झालं, त्यांनाही सुचलं.'

तारखांवरून आठवलं. कोड नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच भरायचा, हे तुमचं पालुपद. एक्सेल तारखेला आतून एक आकडा समजतं, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि तिथून पुढे मोजत जातं. त्यामुळे आपण 3/4 असा साधा कोड टाकला की ते मोठ्या उत्साहाने त्याची तारीख करून टाकतं आणि मूळचं काय होतं ते विसरतं. हा ताप फक्त आपल्यालाच असेल असं मला वाटायचं. पण जनुकांवर काम करणारे शास्त्रज्ञही याने बेजार होते. 'मार्च 1' आणि 'सेप्ट 1' अशी लघुनावं असलेल्या जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा व्हायच्या. 2016 मध्ये काहींनी अशा जनुकयाद्या जोडलेले शोधनिबंध तपासले, तर सुमारे एक पंचमांश निबंधांत हा घोटाळा निघाला. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलली: 'सेप्ट 1'चं 'सेप्टिन 1' झालं. सॉफ्टवेअरपुढे जनुकांनी हार मानली म्हणायची!

आणि रकान्याच्या डोक्यावर एकक. किलो की टन, तास की दिवस, हजारात की लाखात. 'तुला माहीत आहे, पण उद्या शीट उघडणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे?' नासाचं मंगळाकडे निघालेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' 23 सप्टेंबर 1999 ला हातचं गेलं, ते याच कारणाने. एका गटाचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत देत होतं, दुसऱ्या गटाचं ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं; जवळजवळ साडेचार पटींचा फरक. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'एवढे शिकलेले लोक, आणि रकान्यावर लिहिलं नाही?' इतक्या थोडक्यात त्या अपघाताची चौकशी कुणी केली नसेल.

तुमचं सगळंच पटलं असं नाही हं. प्रत्येक मेल छापून फाइलला लावायची काही गरज नव्हती. शीटने केलेली बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा करायची तर अजिबातच नव्हती, आणि मी ते आता करतही नाही. आजारी असताना ऑफिसला येणं हा तुम्हाला अभिमानाचा विषय वाटायचा. मला तो ना तेव्हा वाटला, ना आता वाटतो.

पण एका गोष्टीसाठी तुमचे पाय धरावेत असं वाटतं. दिवसाची शेवटची दहा मिनिटं. निघायच्या आधी हातातलं काम जिथे असेल तिथे थांबवायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं: कुठपर्यंत आलं, पुढची पायरी कुठली, कुणाच्या उत्तरासाठी अडलंय. चिठ्ठी कीबोर्डखाली, आणि चालू लागायचं. मी पहिले काही महिने काम डोक्यात घेऊन घरी जायचे. जेवताना शीट, झोपताना शीट, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा. बरोबरच्या कुणाला विचारा, नव्या नोकरीत प्रत्यक्ष कामापेक्षा हे जास्त दमवतं. पगार आठ तासांचा आणि चाकरी डोळे मिटेपर्यंतची.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये नोंदवलं होतं, की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. आणि 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी प्रयोगांतून दाखवलं, की अपुरं काम मनात घुटमळू नये म्हणून ते पुरं करावंच लागतं असं नाही. ते कसं करायचं याचा नेमका बेत ठरला, तरी मन त्याचा नाद सोडतं. कीबोर्डखालची तुमची चिठ्ठी ती हीच. तुम्ही ती फक्त 'उद्या सकाळी डोकं खाजवायला नको' म्हणून लिहायचात. मला तिने माझ्या संध्याकाळी परत दिल्या. मी पुन्हा वाचायला लागले, मैत्रिणीशी बोलताना तिचं ऐकायला लागले, आणि घरच्या 'आज काय केलंस?'ला आता उत्तरही असतं, कधीकधी समोरच्याला नको इतकं लांब.

तुम्ही मला काम शिकवावं, असं तुमच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याचे पैसे नव्हते, बढती नव्हती, आणि निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना कुणी तसा व्याप करतही नाही. तरी केलात. मनापासून आभार.

आता एक उधारी. फरक नऊने भागला जात नसेल, आणि समही नसेल, तर काय करायचं, असं मी विचारलं होतं. 'त्याचीही एक युक्ती आहे, नंतर सांगते' म्हणालात आणि निवृत्त झालात. गेल्या आठवड्यापासून 37चा फरक घेऊन बसलेय. एखादी ओळ गळली असेल म्हणून 37ची रक्कम शोधून झाली, नाहीये. तर ती युक्ती सांगा. फोन कधी करू ते कळवा. संध्याकाळी साडेसहानंतर मी घरी आणि मोकळीच असते.

आपली नम्र,
तुमची शेजारीण