पाहुण्यांना लेणी दाखवताना आधी वार बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगरात घरोघरी पाहुणे येतात आणि चहा संपायच्या आत लेण्यांचा विषय निघतो. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे मात्र इथे जन्म काढलेल्या अनेकांनाही पटकन आठवत नाही. रविवारच्या गर्दीला टाळायचं म्हणून सोमवारी अजिंठ्याला निघायचं, शंभर किलोमीटर जायचं आणि तसंच परतायचं, असं दर सुट्टीत कुणा ना कुणाचं होतं. अजिंठा बंद असल्याने सोमवारी वेरूळलाही गर्दी वाढते. त्यात श्रावणी सोमवार असला तर घृष्णेश्वराच्या दर्शनाची रांग आणि दौलताबादच्या दिल्ली दरवाजातली वाहतूक कोंडी यातच अर्धा दिवस जातो.

दुसरी चूक म्हणजे दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की एकाच दिवसात उरकणं. एवढ्या धावपळीत कैलास लेण्यात फक्त फोटो काढून होतात. कैलासला किमान दीड तास द्यायलाच हवा. हे लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे, आणि ते कळायला एकदा वरून बघावं लागतं. बाजूच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेने चढलं की मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. अंगणात उभं राहून ते दिसत नाहीत. पावसाळ्यात ही वाट निसरडी होते, म्हणून मुलांचा हात धरावा. खाली उतरल्यावर दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण नीट बघावा. वर शिव-पार्वती बसलेले आहेत आणि खाली रावण सगळे हात लावून पर्वत उचलू पाहतो आहे. त्याच्या भोवती अंधार इतका खोल कोरला आहे की तो खरोखर डोंगराखाली अडकल्यासारखा वाटतो.

वेळ ठरवताना उन्हाचा विचार करावा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. थंडीत दुपारनंतर गेलं तर ऊन आत येतं आणि दहाव्या लेण्यातला बुद्ध उजळतो. मे महिन्यात हेच उलटं करावं. सकाळी डोंगराची सावली दर्शनी भागावर असते, तेव्हा लवकर जाऊन अकराच्या आत बाहेर पडावं. जैन लेणी (30 ते 34) कैलासपासून लांब आहेत. ज्येष्ठांना तिथवर चालवू नये, वाहनाने न्यावं. पण बत्तिसावं लेणं वगळू नये.

दौलताबाद थंडीतच आणि सकाळीच करावा. किल्ल्यावरच्या बारादरी या महालापर्यंत चढून उतरायला अडीच तास धरावेत. अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, पायऱ्या उंचसखल आहेत आणि वटवाघळं आहेत, म्हणून बॅटरी पायाशी धरावी, वर मारू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी चाँद मिनार आणि खंदकापर्यंतचा भाग बघून थांबलं तरी किल्ल्याची रचना समजते. किल्ल्यावर आणि लेण्यांत आग्या मोहळं असतात. उग्र अत्तर लावू नये आणि धूर तर अजिबात करू नये.

अजिंठ्याला स्वतंत्र दिवस हवा. सकाळी सातला निघावं. फर्दापूर फाट्यावर गाडी लावून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं. चित्रं बघताना दारातून आत शिरल्याबरोबर ‘काही दिसत नाही’ म्हणून परत फिरू नये; दोन-तीन मिनिटं अंधारात उभं राहिलं की डोळे सरावतात आणि रंग दिसू लागतात. फ्लॅशला मनाई आहे, ती पाळावी. सगळी लेणी झेपत नसतील तर 1, 2, 16, 17 आणि महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीसाठी 26 बघावं. सव्विसावं लेणं जवळजवळ टोकाला आहे आणि थकलेले लोक नेमकं तेच सोडतात.

शहरात औरंगाबाद लेण्यांकडे फार कमी लोक वळतात, याचं वाईट वाटतं. ती मकबऱ्यापासून जवळच आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले भक्त आहेत आणि प्रत्येकाची केशरचना वेगळी आहे. सातव्यात नर्तकी आणि तिच्या वादक स्त्रिया आहेत. सकाळी तिथे तास-दीड तास काढून नंतर मकबरा आणि पाणचक्की करता येते. जेवायला पाहुण्यांना नान-कलिया खाऊ घालावा.

पंधरा वर्षांखालील मुलांना स्मारकांत तिकीट लागत नाही. मोठ्यांची तिकिटं घरूनच ऑनलाइन काढावीत, कारण खिडकीसमोर रांग असते आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे, की ‘अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद’ एवढा मजकूर असलेले मोठे फलक रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक आणि चिकलठाणा विमानतळावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावावेत. तोच मजकूर सिल्लोडच्या आधी अजिंठ्याच्या रस्त्यावरही हवा, म्हणजे निघालेली गाडी निदान वाटेतून तरी मागे वळवता येईल.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर