नाताळच्या सुट्टीबद्दल सोनूस

नागपूर, ऑक्टोबर

चि. सोनू यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नाताळचा बेत सांगितलास तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो. माझं "बघू" म्हणजे काय ते तुला लहानपणापासून माहीत आहे. इकडे तुझी आई माझ्या खांद्याला खांदा लावून ऐकत होती, तिकडे सूनबाई तुझ्या बाजूला असणार, आणि मधे चिमणी "आजोबा, मला सांताक्लॉज दिसला" म्हणून ओरडत होती. अशा गर्दीत असलं बोलणं नीट होत नाही. म्हणून लिहितोय.

तुझा बेत असा: 24 ला नागपूर, 25 ला सकाळची उपासना आपल्या चर्चमध्ये, मग घाईघाईत जेवण, दुपारचं विमान, मुंबईहून टॅक्सी आणि रात्री वसईला सासुरवाडीत केक. दोन्ही घरं खूश. बाळा, टाइमटेबल कागदावर नेहमी छानच दिसतं. मी नोकरीभर रेल्वेत गार्ड होतो, मला विचार. 25 डिसेंबरच्या संध्याकाळी विमानतळावरून वसईकडे जाणारा हायवे कसा असतो ते तू स्वतःच मागे वैतागून सांगितलं होतंस. शिवाय या बेतात चार वर्षांची पोर आहे. ती रात्री वसईला पोचेल तेव्हा एक तर झोपलेली असेल नाही तर रडत असेल. सूनबाई आमच्याकडे जेवताना घड्याळाकडे बघेल, आणि तिकडे विहीणबाई सगळ्यांची पानं अडवून बसतील. म्हणजे दोन्ही घरी तुम्ही येऊन गेल्यासारखं, पण धड कुठेच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. यंदाचा नाताळ वसईला करा, अख्खा करा. 23 ला पुण्याहून निघा आणि 27 पर्यंत तिथेच राहा. मग आमच्याकडे या, तेही असेच पाय मोकळे करून.

यंदाच का, तर सूनबाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय म्हणून. पुढच्या नाताळला ती पोरगी तिच्या सासरी असेल. दोघी बहिणी लेकी म्हणून आईच्या घरी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा सजवताहेत, असा हा शेवटचा नाताळ असू शकतो. हे मला फोनवर सूनबाईने सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस. व्याह्यांशी बोलताना सहज निघालं. ते गृहस्थ तर "तुम्ही म्हणाल तसं, पोरं तुमचीच" एवढंच म्हणतात. मुलीच्या बापाने असं म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. आपण ते शब्दशः घ्यायचं नसतं.

आता आईचं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "काहून? आपल्या इथं चर्च नाही का? मागच्या वर्षी पण ते तिकडेच होते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सण सासरी असतो." मी तिला विचारलं, ही रीत आपल्या पवित्र शास्त्रात कुठे आहे ते दाखव. शास्त्रात तर पुरुषाने आईबापांना सोडून बायकोशी जडून राहावं असं लिहिलंय, आणि ते आपल्या लग्नातही वाचलं होतं. ती चिडली, पण हसली पण.

खरं सांगू, सासरचा सण ही रीत आपण आजूबाजूच्या घरांतून उचलली, पण अर्धीच उचलली. शेजारच्या काकूंकडे आता दिवाळीची साफसफाई चालू आहे, रोज भिंतीपलीकडून डबे आपटल्याचा आवाज येतो. त्यांच्याकडे बघ. लक्ष्मीपूजन सासरी, पण भाऊबीजेला लेक माहेरी येणार म्हणजे येणारच, तिला कोणी अडवत नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी तर जावयाची, दिवाळसणाला त्याचा थाट सासुरवाडीतच. म्हणजे त्या सणाला चार-पाच दिवस आहेत, आणि कोणता दिवस कोणाचा हे आधीपासून ठरलेलं आहे, भांडायला जागाच ठेवलेली नाही. आपण नाताळाचं सगळं ओझं 25 तारखेवर टाकून ठेवलं. त्या एका दिवशी जो पोचला तो आपला, नाही पोचला तो परका.

पण आपल्याही पंचांगात जागा आहे की. नाताळ 25 ला संपत नाही, सुरू होतो. बारा दिवस चालतो, 6 जानेवारीला पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे ते तीन राजे, बाळ येशूसाठी भेटी घेऊन येईपर्यंत. वसईच्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांचे गोठे तोवर मांडलेले असतात आणि तीन राजे त्यात शेवटी येतात. ते राजे उशिरा आले म्हणून मरियेने दार लावून घेतल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

आणि आपल्या घराला तर 25 चा हट्ट कधी परवडलाच नाही. तुला आठवत असेल. अजनीच्या क्वार्टरमध्ये नेमका 24 च्या रात्री ड्यूटीला बोलवायला कॉलमन दार वाजवायचा. तू आणि ताई अंथरुणातून डोकावायचे, आई डब्यात करंज्या भरायची, आणि मी लाइन बॉक्स, माझी गार्डाची पेटी, उचलून निघायचो. प्रवासी गाडीवर असलो तर ठीक, पण मालगाडीची ब्रेकव्हॅन, शेवटचा गार्डाचा डबा, म्हणजे डिसेंबरच्या रात्री थंडगार लोखंड. अंगात दोन स्वेटर, वर कोट, तरी वर्धा मागे पडेपर्यंत बोटं वाकत नसत. नाताळची सकाळ बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये, गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या जागेत, उजाडायची. तिथला खानसामा मला "हॅप्पी ख्रिसमस साहब" म्हणून रोजचीच डाळ वाढायचा, वर एक अंडं जास्त. 26 ला, कधी 27 ला मी घरी आलो की तुम्ही भेटी उघडायचे. आईने एकदाही माझ्याआधी केक कापू दिला नाही. एका वर्षी तुमच्या कामट्यांच्या ताऱ्यातला बल्ब गेला होता, तर तू हट्ट धरलास की बाबांची हातबत्ती आत लावा, मग तारा लाल आणि हिरवा दोन्ही होईल. मी म्हणालो, अरे ती सरकारी आहे, लाल दिसला तर सगळी कॉलनी थांबेल.

तेव्हा तुम्हा पोरांना तो नाताळ खोटा वाटला का? मग आता 28 ला आमच्याकडे झालेला नाताळ आम्हाला तरी खोटा का वाटावा? हे मी आईला विचारलं, तेव्हा ती काही न बोलता उठून गेली आणि फळीवरचा केकचा साचा उतरवून बघू लागली. त्याचा अर्थ तू लाव.

विहीणबाईंबद्दलही दोन शब्द. आईला तिकडची धास्ती आहे ती साखरपुड्यापासून. आठवतं ना, विहीणबाईंनी घरी केलेली वाइन छोट्या पेल्यांतून फिरवली, आणि तुझी आई तो पेला धरून अशी बसली जणू कोणीतरी तिला साक्षीला बोलावलंय. आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, दारूपासून लांब वाढलेल्या बाईला ते जड जाणारच. माणसं मात्र लाख आहेत. मी तर त्या दिवशी चकित झालो होतो, त्यांच्या देवळात पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी, आणि गाणी अशी कडक म्हणतात की आपलं गायनमंडळ लाजावं. शेवटी हिशेब साधा आहे. वसईला पोर्तुगीज आले 1534 ला, आपल्या नागपुरात मिशनरी हिस्लॉपसाहेब आले 1845 ला. केक कसा भाजायचा यावर तीनशे वर्षांची ज्येष्ठता त्यांची. करंजीवर मात्र त्यांनी बोलू नये. ती आपल्याकडची खुसखुशीत.

आता तुला एक काम सांगतो, आणि हे मनावर घे. तुझ्या आईशी तूच बोलायचं. सूनबाईच्या तोंडून "आई, यंदा आम्ही वसईला जातोय" असं आलं की इकडे अर्थ होतो, सुनेने नेलं. तेच तू म्हणालास तर अर्थ होतो, मुलाने ठरवलं. तुझ्या आईला तुझा राग धरता येत नाही, सुनेचा येतो. कुठलीही सासू घे, असंच असतं, माझी आईही याला अपवाद नव्हती. तसंच वसईला काही सांगायचं असेल तर सूनबाईने सांगावं. तू सासऱ्यांना फोन करून "आम्ही 27 ला निघणार" म्हणून जाहीर करू नकोस. ज्याने त्याने आपापलं घर सांभाळायचं.

आणि तिकडे असताना इकडची आठवण काढून तोंड पाडून बसायचं नाही. इकडे आल्यावर "वसईला असं होतं, तसं होतं" हे मात्र खुशाल सांगा, मला ऐकायला आवडतं. चिमणीला कोणी विचारलं की कोणाकडे जास्त मजा आली, तर त्या माणसाला तिथेच गप्प करायचं. तो माणूस तुझी मावशी असेल तरी.

आता कामाचं. वसईहून परत पुण्याला जाऊन मग इकडे येण्यात काही अर्थ नाही. 27 ला संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस पकडा, रात्रभर झोपा, सकाळी नागपूर. वसईहून कल्याणपर्यंत व्याह्यांची गाडी सोडेल. दिव्याला जाणाऱ्या मेमू लोकलच्या फंदात सामान आणि पोर घेऊन पडू नकोस, ती गाडी माझ्यासारख्या रिकामटेकड्यासाठी आहे. तुला माझ्या वेळचं आठवत असेल, पण आता आरक्षण 120 दिवस आधी उघडत नाही. नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलंय. म्हणजे 27 डिसेंबरचं तिकीट 28 ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडेल. आठ म्हणजे आठ. सव्वाआठला वेटिंग दिसेल आणि मग तू मला फोन करशील की बाबा तुमची कोणी ओळख आहे का. नाही, आता नाही. ज्यांच्याशी ओळख होती ते सगळे माझ्याबरोबर पेन्शनच्या रांगेत आहेत.

चिमणीला पाच पूर्ण झाली नाहीत, तिला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. थंडीत तिघांनी दोन बर्थवर आखडून येण्यापेक्षा तिचंही पूर्ण तिकीट काढ. पैसे मी देतो, वाद घालू नकोस.

परतीला आपल्या अजनीहूनच पुण्याची वंदे भारत आहे. 881 किलोमीटर, बारा तास, दिवसा खिडकीतून सगळं दिसत जातं. चिमणीला ती गाडी दाखवायचीच आहे मला. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम फलाटावर जाऊन उभा राहिलो होतो. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. पदवी वाढली, रात्रपाळी तीच.

28 पासून घरी असाल तर कार्यक्रम असा: एक दिवस ताईकडे जेवण, एक दिवस ऑल सेंट्स कॅथीड्रलला. 1851 चं ते देऊळ चिमणीने अजून आतून पाहिलेलं नाही. 31 च्या रात्री आपली वॉचनाईट, वर्षअखेरची उपासना. ती वसईला नसते असं सूनबाई म्हणाली होती, म्हणजे ती रात्र आपोआप आपल्या वाट्याची. तुझी आई 28 ला दुसरा केक करणार आहे. हे तिने मला सांगितलेलं नाही, पण मनुका आणि टुटीफ्रुटीची यादी फ्रिजवर लावली आहे, आणि त्यात सगळं दुप्पट लिहिलंय.

थंडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वसईच्या हवेतून तुम्ही थेट इथे उतराल. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर गेला होता, त्या दिवशी मी पाठीला ऊन लावून बसलो तो जेवायलाच उठलो. चिमणीसाठी आई स्वेटर विणतेय, बाह्यांचं माप अडलंय. खांद्यापासून मनगटापर्यंत टेपने मोजून कळव. मागच्या स्वेटरवरून अंदाजाने सांगू नकोस, ती मधे वाढली आहे.

तिकीट निघालं की लगेच फोन कर. विदर्भमध्ये जागा नसेल तर त्याच दिवशी सेवाग्राम एक्स्प्रेस बघ, ती पहाटे आणून सोडते. मी स्टेशनवर येईन, पहाटे उठायची सवय अजून गेलेली नाही.

सूनबाईला आणि चिमणीला आशीर्वाद. व्याह्यांना आणि विहीणबाईंना आमचा दोघांचा नमस्कार सांग.

तुझे,
बाबा

ता. क. आईने हे पत्र वाचलं. वाइनची गोष्ट लिहायला नको होती म्हणाली. बाकी काही खोडलं नाही.