क्लब कोणाच्या नावावर?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एडिनबराच्या हार्ट ऑफ मिडलोथियन ऊर्फ हार्ट्स या फुटबॉल क्लबच्या २०१२ ते २०२२ या दहा वर्षांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. इंदुरातल्या मराठी घरांत खेळ म्हटला की क्रिकेट, आणि क्रिकेट संपले की पुन्हा क्रिकेटच. अशा वाचकांसमोर हा विषय मांडल्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानले पाहिजेत. तरीही लेखाचा रोख मला पटला नाही. चषक, घसरण, पुनरागमन, पुन्हा घसरण, पुन्हा पुनरागमन अशी उतरंड लावून लेखकाने शेवटी ‘दहा वर्षांनी क्लब होता तिथेच आला’ असा निकाल दिला आहे. गुणतक्त्यापुरते ते बरोबर असेलही. पण २०१२ साली हा क्लब एका माणसाच्या मर्जीवर चालत होता आणि २०२२ साली तो दरमहा वर्गणी भरणाऱ्या सुमारे आठ हजार सभासदांचा होता, ही गोष्ट लेखात एका वाक्यात उरकली आहे. माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे माझी नजर तक्त्याआधी ताळेबंदाकडे जाते, हा दोष मी आधीच कबूल करतो.

या क्लबशी माझा संबंध भाच्यामुळे आला. तो एडिनबरात नोकरीला आहे आणि महिन्याला दहा पौंड भरून हार्ट्सच्या चाहत्यांच्या संस्थेचा सभासद झाला आहे. हे त्याने प्रथम सांगितले, तेव्हा ‘दुसऱ्याच्या क्लबला कशाला पैसे देतोस?’ असे मी त्याला फटकारले होते. ‘मामा, दुसऱ्याचा नाही, तोच तर मुद्दा आहे,’ असे तो म्हणाला, आणि त्यानंतर मी या प्रकरणात लक्ष घातले.

लेखाची सुरुवात १९ मे २०१२ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्याने होते, ते योग्यच आहे. ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर हार्ट्सने आपल्याच शहरातल्या हिबर्नियनला ५-१ असे हरवले, रूडी स्काचेलने दोन गोल केले आणि क्लबच्या डाळिंबी रंगाचे अर्धे एडिनबरा रस्त्यावर उतरले. मात्र त्याच हंगामात खेळाडूंचे पगार एकदा नव्हे तर अनेकदा थकले होते, हे लेखात आलेले नाही. लिथुआनियात बँक चालवणारे व्लादिमिर रोमानोव हे २००५ पासून क्लबचे मालक होते. त्याच वर्षी संघ अपराजित राहून गुणतक्त्यात अव्वल असताना त्यांनी प्रशिक्षक जॉर्ज बर्ली यांना घरी पाठवले होते, यावरून कारभाराची रीत कळावी. पैशाची रीत त्याहून वाईट होती. क्लबचे भाग (शेअर) रोमानोव यांच्या गुंतवणूक कंपनीकडे आणि उकिओ या त्यांच्या बँकेकडे होते, आणि क्लबला कर्ज देणारेही तेच दोघे होते. मालक तोच, सावकार तोच, आणि तारण म्हणून मैदानही त्याच्याच बँकेकडे, अशी ही व्यवस्था होती. अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर मी ती दुसऱ्याच दिवशी वर पाठवली असती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये सुमारे साडेचार लाख पौंडांच्या थकीत करासाठी करखात्याने क्लब गुंडाळण्याची मागणी केली, तेव्हा क्लबने लोकांपुढे भागविक्री मांडली. परतावा मिळणार नाही हे ठाऊक असूनही चाहत्यांनी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. तेवढ्याने एक हिवाळा निभावला. २०१३ मध्ये उकिओ बँक बुडाली, आणि जूनमध्ये क्लबवर प्रशासक आला. आपल्याकडे सहकारी बँकेवर प्रशासक नेमला जातो तेव्हा ठेवीदारांच्या पोटात जसा गोळा उठतो, तसाच तो क्लबचे मैदान असलेल्या गॉर्गी भागात उठला असणार. दोन लिथुआनियन संस्थांचे मिळून सुमारे अडीच कोटी पौंडांचे देणे होते, आणि जवळजवळ ऐंशी टक्के भाग ज्यांच्याकडे होते त्या दोन्ही संस्था स्वतःच दिवाळखोरीत होत्या. त्यामुळे एडिनबरातल्या एका फुटबॉल क्लबचे भवितव्य लिथुआनियातल्या अवसायकांच्या सहीवर लटकले होते.

येथेच लेखातली एक चूक निदर्शनास आणून देणे मला भाग आहे. २०१३-१४ च्या हंगामाबद्दल ‘सुमार खेळामुळे २३ गुणांसह तळाशी’ असे छापून आले आहे. त्या वर्षी प्रशासक नेमला गेल्याची शिक्षा म्हणून हार्ट्सचे १५ गुण पहिल्या सामन्याआधीच कापले होते आणि नव्या खेळाडूंच्या भरतीवर बंदी होती. म्हणजे त्यांनी मैदानावर ३८ गुण मिळवले. त्यांच्या वर राहिलेल्या हिबर्नियनचे गुण ३५ होते, आणि पुढे निर्णायक सामन्यांत हॅमिल्टनकडून हरून तेही खालच्या श्रेणीत गेले. मिसरूड न फुटलेल्या पोरांना घेऊन प्रशिक्षक गॅरी लॉक यांनी हा हंगाम काढला, ३० मार्च २०१४ रोजी हिबर्नियनला २-० ने हरवून घसरण आणखी काही दिवस लांबवली, आणि या साऱ्या काळात टाइनकासल या घरच्या मैदानावरचे प्रेक्षक घटण्याऐवजी वाढले. याला सुमार खेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

त्यानंतर ॲन बज यांचा प्रवेश होतो. माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायात पैसा मिळवलेल्या या बाईंनी सुमारे पंचवीस लाख पौंड घालून २०१४ मध्ये क्लब सोडवला. लेखकाने त्यांना ‘नव्या मालकीण’ म्हटले आहे. परंतु त्यांनी हे पैसे मुळातच परतीच्या बोलीवर घातले होते. चाहत्यांच्या ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ या संस्थेने दरमहाच्या वर्गणीतून ते फेडायचे आणि फेडून झाल्यावर बज यांनी आपले भाग संस्थेच्या नावावर करायचे, असा करार होता. धनकोंशी तडजोड झालेली, कर्जाला मुदत असलेली, आणि ऋणको म्हणजे हजारो सामान्य माणसे! माझ्या मते या दशकातली सर्वांत मोठी घटना ५-१ चा विजय नसून हा करार आहे.

मैदानावरचे पुढचे वर्ष मात्र खरोखर देखणे होते, आणि त्यावर लेखकाने हात आखडता का घेतला ते कळत नाही. २०१४-१५ साली दुसऱ्या श्रेणीत हार्ट्स, हिबर्नियन आणि २०१२ च्या आर्थिक कोसळण्यानंतर तळातून वर येत असलेला रेंजर्स असे तीन मोठे क्लब एकत्र आले होते. पहिल्याच सामन्यात आयब्रॉक्स या आपल्या मैदानावर रेंजर्सने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, आणि प्रेक्षक बसतात न बसतात तोच ओस्मान सोने विजयी गोल केला. फेब्रुवारीत काउडनबीथला १०-० ने हरवले. मार्चमध्येच, सात सामने शिल्लक असताना, विजेतेपद नक्की झाले. ३६ सामन्यांत ९१ गुण मिळाले. प्रशिक्षक रॉबी नीलसन याच क्लबचे जुने खेळाडू. पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत परतून संघ तिसरा आला. मधली दोन-तीन वर्षे मी सोडून देतो. नीलसन इंग्लंडला गेले, इयन कॅथ्रो यांना संघ पेलला नाही, आणि क्रेग लव्हीन यांनी पुन्हा सूत्रे घेतली. यात विशेष असे काही नाही. १७ डिसेंबर २०१७ चा अपवाद तेवढा करायला हवा. देशांतर्गत सलग ६९ सामने न हरलेल्या सेल्टिकला हार्ट्सने त्या दिवशी ४-० असे हरवले, आणि पहिला गोल करणारा हॅरी कोक्रेन अवघ्या सोळा वर्षांचा होता.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी भाच्याकडे गेलो होतो. गॉर्गीच्या रस्त्यावर उतरताच हवेत धान्य शिजल्याचा वास येतो, कारण शेजारीच व्हिस्कीची भट्टी आहे. आणि आपल्या रामबागेत वाड्याला वाडा खेटून असतो तसे मैदान चाळवजा घरांना खेटून उभे आहे. १९१४ साली बांधलेला जुना मुख्य स्टँड पाडून तेथे २०१७ मध्ये नवा उभारला, आणि त्याचा काही खर्च सभासदांच्या वर्गणीतून आला. बज यांचे कर्ज फेडणे थोडे पुढे ढकलून आधी स्टँडला पैसे द्यायचे, हेही ठरवूनच झाले. त्याच १९१४ मध्ये हार्ट्सचे १६ खेळाडू एकदम सैन्यात भरती झाले होते आणि त्या महायुद्धात क्लबचे सात खेळाडू कामी आले. हेमार्केटला त्यांचे स्मारक आहे, ते भाच्याने आवर्जून दाखवले. आम्ही पाहिलेला सामना लॅफर्टीच्या एका गोलावर सेल्टिकविरुद्ध जिंकला गेला. माझ्या शेजारचे आजोबा पूर्ण वेळ आपल्याच संघाला शिव्या घालत होते. ते सभासद आहेत की नाहीत हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता दुसऱ्या घसरणीविषयी. येथे मी लेखकाच्या बाजूने आहे, कदाचित लेखकाहून अधिक कठोर आहे. करोनामुळे २०१९-२० चा हंगाम आठ सामने बाकी असताना थांबवला गेला आणि प्रतिसामना सरासरी गुणांवर निकाल लावला गेला. हार्ट्स न्यायालयात गेले, लवादापुढे गेले आणि हरले. आठ सामन्यांत चार गुणांचे अंतर भरून निघू शकले असते, हे खरे. पण ३० सामन्यांत चार विजय आणि २३ गुण मिळवणाऱ्या संघाने नशिबाला बोल लावू नये. या वेळच्या २३ मध्ये कापलेला एकही गुण नव्हता. पगारावर भरपूर खर्च, प्रशिक्षक बदलण्यात दिरंगाई, मग हिवाळ्यात डॅनियल श्टेंडेल यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा, हे सारे सभासदांच्या डोळ्यांदेखत झाले. चाहत्यांची मालकी आली म्हणजे कारभार आपोआप शहाणा होतो असे मानणाऱ्यांनी, आणि माझा भाचा त्यांपैकीच एक आहे, २३ मार्च २०२१ हा दिवसही लक्षात ठेवावा. त्या दिवशी स्कॉटिश कपमध्ये ब्रोरा रेंजर्स या हायलँड लीगमधल्या छोट्या गावच्या संघाने हार्ट्सला २-१ ने घरचा रस्ता दाखवला.

फरक एवढाच की २०१३ साली प्रश्न क्लब उरेल का हा होता, आणि २०२० साली तो कोणत्या श्रेणीत खेळेल एवढाच होता. दरवाजे बंद, तिकिटांचे उत्पन्न शून्य, अशा त्या वर्षात दरमहाची वर्गणी मात्र येत राहिली. नीलसन परत आले, संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, आणि ३० ऑगस्ट २०२१ रोजी बज यांनी ठरल्याप्रमाणे ७५.१ टक्के भाग फाउंडेशनच्या नावावर केले. पुढच्या हंगामात संघ वरच्या श्रेणीत तिसरा आला आणि २१ मे २०२२ रोजी पुन्हा हॅम्पडनवर कपच्या अंतिम सामन्यात उतरला. रेंजर्सकडून जादा वेळेत ०-२ असा हरला. ५-१ च्या विजयाला तेव्हा दहा वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

या दशकाकडे इंदूरकराने गुणतक्त्याच्या पलीकडे जाऊन पाहावे असे मला वाटते, त्याला आपले घरचे कारण आहे. १९४४-४५ पासूनच्या ११ हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि चार वेळा जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली ही नावे आजही राजवाड्याच्या आसपास ऐकू येतात. आणि त्या पहिल्या अंतिम सामन्यात महूच्या छावणीतला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ करून गेला, जो मायदेशी आर्सेनलकडून फुटबॉलही खेळत असे. हे सारे वैभव यशवंतराव होळकरांच्या आश्रयावर उभे होते. महाराजांची खेळावरची माया खरी होती, रोमानोव यांच्याशी त्यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण संस्थान गेले, आश्रय आटला, आणि १९५५ नंतर रणजीच्या तक्त्यातून होळकर हे नावच पुसले गेले. संघ हरत होता म्हणून नव्हे. शेवटच्या हंगामातही तो अंतिम फेरीत होता. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला तेव्हा आपल्या शहराने फटाके उडवले, मीही उडवले. पण ज्यांना होळकर संघ आठवतो त्यांच्यासाठी तो करंडक दुसऱ्याच नावाच्या संघाने आणला होता. गॉर्गीतल्या माणसाला २०१३ च्या जूनमध्ये हीच भीती वाटत होती.

आपणास विनंती एवढीच की, २०१३-१४ च्या तक्त्यातील २३ या आकड्यापुढे ‘१५ गुण कापल्यानंतर’ अशी दुरुस्ती पुढील अंकात द्यावी, आणि बज यांच्या उल्लेखात २०२१ मध्ये भाग कोणाच्या नावावर झाले तेही नमूद करावे. हे पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास माझ्या प्रवासाचा परिच्छेद खुशाल काढावा, दुरुस्ती मात्र ठेवावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
रामबाग, इंदूर