सिस्टर, कॉफी सोडायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय सिस्टर,

प्रभू येशूच्या नावात नमस्कार.

ईस्टर झाला, पाहुणे आले-गेले, आणि आता निवांतपणे तुम्हाला लिहायला बसले आहे. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आवडीची एखादी गोष्ट सोडायचं ठरवणारे पुष्कळ असतात. तुमच्यासारखं माणूस त्यातल्या प्रत्येकाला भेटतंच असं नाही.

"यंदा कॉफी सोडते," असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "तुला ती मनापासून आवडते ना?" मला वाटलं, आता कॉफीचे तोटे ऐकायला मिळणार. तुम्ही म्हणालात, वाईट सवय असेल तर ती कायमचीच सोडायची, तिला चाळीस दिवसांची मुदत कशाला? देवापुढे ठेवायची ती चांगली, आवडती वस्तू. म्हणून तर ईस्टरला ती आनंदानं परत घेता येते. सिस्टर, या एका बोलण्यानं माझ्या मनातली अढी गेली. कॉफीला शत्रू न मानता मी ती बाजूला ठेवली.

चर्चचा नियम तसा मोजकाच आहे, हेही तुम्ही समजावलंत. कॅथोलिकांसाठी सर्वसाधारणपणे राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस 18 ते 59 वयाच्यांनी उपवास करायचा, म्हणजे एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं खायचं. त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी 14 वर्षांपुढच्यांनी मांस टाळायचं. कॉफी, गोडधोड, मोबाईल हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सक्ती नाही, त्यामुळे "मला जमेल तेवढं" म्हणून सैल सोडायचा मोहही तिथेच जास्त, असं तुम्ही आधीच बजावलं होतंत.

त्याहून मोठी मदत अगदी साध्या सल्ल्याची होती: राखेच्या बुधवारी एकदम बंद करू नकोस, आधीपासून थोडी थोडी कमी कर. मेंदूत थकव्याची जाणीव करून देणारं अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य असतं आणि कॅफीन त्याची जागा अडवतं. रोजची सवय असलेल्याचं कॅफीन अचानक थांबलं की 12 ते 24 तासांत डोकं धरू लागतं, एक-दोन दिवस त्रास शिगेला असतो, काहींना तो आठवडाभरही पुरतो. हे कळल्यामुळे मी आधीच कप लहान केले, मग संध्याकाळचा बंद केला. उपवासकाळाचा पहिला आठवडा डोकेदुखीत न जाता प्रार्थनेत गेला. घरच्यांवर चिडचिडही झाली नाही, आणि त्याचं श्रेय मी पूर्णपणे तुम्हाला देते.

रविवारचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवस होतात; त्यातले 6 रविवार वगळले की चाळीस, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. "घ्यायची की नाही ते आत्ताच ठरव, तलफ आल्यावर ठरवू नकोस," एवढंच तुम्ही म्हणालात. मी रविवारीही न घेण्याचं ठरवलं. जे घेतात त्यांचं चुकतं असं मला मुळीच वाटत नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते दुपारच्या वेळेबद्दल. कॉफीबरोबर तिचा वेळही मोकळा होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "तो वेळ आणि ते पैसे आता कुणाचे?" मग बायबलमधला यशया संदेष्ट्याचा 58वा अध्याय उघडून दिलात. देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पाचव्या शतकातले रावेन्नाचे बिशप संत पीटर क्रिसोलोगस यांचीही शिकवण सांगितलीत: प्रार्थना, दया आणि उपवास ही तिन्ही एकमेकांना जिवंत ठेवतात, वेगळी काढता येत नाहीत. "दान न करता वाचवलंस तर ती नुसती काटकसर," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

शेजारच्या आजी एकट्या असतात. दुपारी कॉफीच्या वेळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. कधी बायबल वाचून दाखवायचे, बहुतेक वेळा नुसतं ऐकायचे. का येते ते त्यांना सांगितलं नाही. उपवास करताना तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, लोकांना दाखवत फिरू नये, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातली प्रभूची आज्ञा तुम्हीच लक्षात आणून दिली होतीत. वाचलेले पैसे त्यांच्या औषधांना लागले. आता ईस्टर झाला तरी दुपार त्यांचीच आहे, फक्त आम्ही दोघी मिळून कॉफी घेतो.

पुढच्या उपवासकाळाआधी मी पुन्हा भेटायला येईन. या खेपेला वहिनीही येणार आहे. तिला मोबाईल कमी करायचा आहे, आणि तिचे प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहेत. तेवढा वेळ राखून ठेवा.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या प्रार्थना-गटातली एक मुलगी