श्रद्धा सांगावी, पण उघडपणे

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की कॅम्पात रोषणाई होते, शेजारीपाजारी करंज्या आणि केकचे ताट जाते आणि 'येशूचा वाढदिवस' म्हणून विषय मिटतो. पुण्यातले बरेच मराठी ख्रिस्ती त्यापुढे बोलायला कचरतात. 'वागण्यातून दिसतेच की, तोंडाने कशाला सांगायचे?' असे आमच्याच मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, ऐकू येते. ते पटण्यासारखे नाही.

वागणे चांगले असेल तर माणूस भला आहे, एवढेच कळते. येशू वधस्तंभावर का गेला, तो उठला असे ख्रिस्ती का मानतात, हे फराळाच्या ताटातून कळत नाही. 'शिष्य करा' ही बायबलमधील मत्तयाच्या २८व्या अध्यायातली येशूची आज्ञा पगारी पाळकांपुरती, म्हणजे धर्मगुरूंपुरती, नाही. शिवाय कारण न सांगता केलेल्या सेवेवरच लोकांचा संशय अधिक असतो, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्या-आचरण्याबरोबर त्याच्या प्रसाराचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात त्याची सीमा आखली: आपली तत्त्वे मांडता येतील, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा मात्र मूलभूत हक्क नाही. आपली श्रद्धा प्रामाणिकपणे सांगण्याला ही सीमा आड येत नाही. ठरवायचे ते ऐकणाऱ्याने.

कुणी विचारले तर प्रचारपत्रिकांचा गठ्ठा हातात देऊ नये, येशूचे चरित्र सांगणारे मार्ककृत शुभवर्तमान द्यावे. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे. आठवड्याला दोन अध्याय सोबत वाचले तर दोन महिन्यांत होते. उत्तर येत नसेल तिथे 'विचारून सांगतो' म्हणावे. 'कोकऱ्याच्या रक्ताने धुतलो गेलो' हे उपासनेत ठीक. वल्हांडणाची, म्हणजे कोकऱ्याच्या रक्ताच्या खुणेने इजिप्तमधली इस्राएली घरे मरणातून वाचली ती, हकिकत ठाऊक नसलेल्याच्या अंगावर त्याने काटा येतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना याची जाण होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग-कीर्तन टाकले नाही, त्यातूनच ख्रिस्त सांगितला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. खुद्द टिळकांच्या घरात पाच वर्षे लागली. मग एका सभेत 'ख्रिस्त स्वीकारला' म्हणून लोकांकडून हात वर करवून घेण्याची घाई कशासाठी?

बिघडते ते बहुतेकदा मदत आणि सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, यांची गल्लत केल्याने. ज्या घरातल्या मुलाची फी भरली, त्याच घराला पुढच्या रविवारी उपासनेचे आमंत्रण दिले तर ते आमंत्रण उरत नाही, वसुली होते. मदतीचे काम आणि बोलावण्याचे काम वेगवेगळ्या माणसांकडे असावे. आईवडिलांना न विचारता मुलांना संडे स्कूलला नेऊ नये. पालख्या नाना-भवानी पेठेत मुक्कामाला असताना वारकऱ्याला पाणी जरूर द्यावे, ग्लासाबरोबर पत्रिका देऊ नये. तो स्वतःच्या देवाकडे निघालेला असतो. दुसऱ्याच्या देवाची टवाळी तर कुठेच नको.

सर्वांत घातक म्हणजे 'प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद'. साध्या टीबीचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून ते सोडले की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि घरातल्या इतरांनाही तेच जंतू लागू शकतात. रोग्यासाठी प्रार्थना करावी. औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नये, हे प्रार्थना करणाऱ्यानेच बजावावे.

बाप्तिस्मा मागणाऱ्या अनुसूचित जातीतील कुटुंबाला एक गोष्ट आधी सांगायलाच हवी, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. राष्ट्रपतींचा १९५०चा अनुसूचित जातींविषयीचा आदेश आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख व बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो, त्याबरोबर त्या दर्जामुळे मिळणारी मुलांची शिष्यवृत्ती आणि नोकरीतले आरक्षणही. हा नियम आम्हाला अन्यायाचा वाटतो, पण आज तो लागू आहे. पाळकाने नवरा-बायको दोघांना समोर बसवून हे सांगावे, विचार करायला काही महिने द्यावेत, आणि ते नको म्हणाले तरी पुढच्या नाताळाला त्यांच्याकडे ताट पाठवावे.

— काही मराठी ख्रिस्ती वाचक, पुणे