मुनींचा ‘विजनवास’ कसला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात जैन मुनींच्या चातुर्मासाच्या बातमीला ‘मुनिश्रींचा विजनवास सुरू’ असा मथळा आला. तो वाचून वाईट वाटले. विजन म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा. निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यालाही आपण ‘राजकीय विजनवासात गेले’ असे म्हणतो. तोच शब्द मुनींना लावणे मुळीच बरोबर नाही.

चातुर्मासात मुनी गावातच असतात. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढतात, चालताना त्यांची हिंसा होऊ नये म्हणून आषाढ ते कार्तिक विहार थांबवायचा, हा नियम. एरवी वर्षभर पायी फिरणे. आमच्या निपाणी-चिकोडी भागात सकाळी आहाराच्या वेळी गल्लीत येऊन पाहा. दारोदारी श्रावक-श्राविका (जैन गृहस्थ स्त्री-पुरुष) कलश-श्रीफळ घेऊन उभे असतात आणि ‘हे स्वामी, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ’ (नमस्कार, इथे थांबा) असा घोष चालू असतो. मुनी उभ्यानेच, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच आहार घेतात. घासात केस निघाला तर अंतराय, म्हणजे आहार तिथेच थांबला; मग त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. घरच्या बाया पहाटेपासून पाणी गाळून-उकळून, धान्य निवडून चौका (मुनींच्या आहारासाठीचे शुद्ध स्वयंपाकघर) सांभाळतात, तरी असे घडले की अख्ख्या घराला अन्न गोड लागत नाही. एवढा जीव गुंतलेल्या गावाला निर्जन कसे म्हणायचे?

ज्या बेळगाव जिल्ह्याने भोजचे आचार्य शांतिसागर (जन्म १८७२), कोथळीचे देशभूषण, शेडबाळचे विद्यानंद आणि सदलग्याचे विद्यासागर (जन्म १९४६) दिले, त्या जिल्ह्यातल्या वृत्तपत्राकडून तरी ही अपेक्षा नव्हती. शांतिसागर महाराज पायी थेट झारखंडातल्या सम्मेद शिखरजी या जैन तीर्थापर्यंत गेले. वाटेतल्या गावागावांतून लोक दर्शनाला लोटत होते.

लिंगायत स्वामीजींच्या बातम्यांतही ‘जगापासून दूर, मठाच्या एकांतात’ असे सर्रास छापून येते. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाच्या प्रसाद निलयात (वसतिगृहात) राहून खेड्यापाड्यातली किती मुले शिकली! ‘मठवासी’ शब्द ठीक आहे, त्यात राहण्याची जागा तेवढी कळते. एकांत असतो तो ध्यानापुरता, सामायिकापुरता (जैनांच्या नित्य ध्यानसाधनेपुरता).

मुनींच्या चार महिन्यांच्या मुक्कामाला आमच्याकडे सगळे ‘चातुर्मास’ किंवा ‘वर्षायोग’ म्हणतात. पुढच्या बातमीला यातलाच शब्द घ्यावा आणि वार्ताहरांनाही तसे कळवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, निपाणी