लाकडासाठी मार्बल कटर नको

संपादक महोदय,
स. न.

सणासुदीच्या सवलतींत फरशी कापण्यासाठीचा चार इंची मार्बल कटर ‘फरशी, लाकूड, लोखंड, सर्वांसाठी एकच मशीन’ म्हणून खपवला जातो. सोबत दात्यांचे एखादे पाते फुकट मिळते. घरच्या घरी कपाट किंवा फळ्या करू पाहणारे अनेक जण याच जोडीने सुरुवात करतात. हे थांबायला हवे.

मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. ११० मिमीच्या पात्याच्या टोकाचा वेग त्यामुळे सेकंदाला ७५ मीटरच्या आसपास जातो. लाकडासाठी बनवलेल्या सात इंची सर्क्युलर सॉमध्ये (गोल पात्याच्या विजेच्या करवतीत) फेरे साधारण साडेपाच हजार आणि टोकाचा वेग ५३ मीटर असतो. पण वेगाहून मोठा फरक झाकणाचा. सर्क्युलर सॉला खालून स्प्रिंगचे झाकण असते आणि काप संपताच ते पाते झाकते. बहुतेक मार्बल कटरना ते नसतेच. बटण सोडल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते, आणि मशीन खाली ठेवताना ते मांडीजवळ उघडे असते.

लोखंड घासण्या-कापण्याच्या हातातल्या अँगल ग्राइंडरवर दात्यांचे पाते बसवणे तर याहून घातक. त्याला टेकायला बेस प्लेट नाही, झाकण अर्धेच, आणि दाता गाठीत अडकला की मशीन हातातून उसळते. ग्राइंडरसोबत असे पाते देणाऱ्या विक्रेत्यांनी ते देणे बंद करावे, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

मग घ्यायचे काय? पहिले मशीन जिगसॉ (अरुंद, उभ्या पात्याची विजेची करवत) असावे, पाचशे ते सातशे वॅटचे, टी आकाराच्या दांडीचे पाते बसणारे. फळीला खाच पाडणे, वायरसाठी भोक मोठे करणे, गोलाई कापणे ही कामे त्यावर होतात. पाते जागच्या जागी वर-खाली होते, म्हणून नवख्या हाताला ते सोसते. मात्र जाड लाकडात पाते खाली वाकते आणि कडेला काटकोन राहत नाही. दीड इंचापुढच्या लाकडात त्याच्याकडून सफाईची अपेक्षा ठेवू नये. सनमायका कापताना पात्याचा पुढे-मागे झोका शून्यावर ठेवावा, नाहीतर कड उडते.

आठ बाय चारचे प्लायवूड सरळ चिरायचे असेल तरच सर्क्युलर सॉकडे वळावे. दुकानात वॅट विचारण्याआधी, प्लग काढलेला असताना, तीन गोष्टी हाताने तपासा. खालचे झाकण मागे ओढून सोडले की झटक्यात मिटले पाहिजे. पाते धरून हलवले तर दांडा खिळखिळा लागता कामा नये. बेस प्लेट गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहावी; पातळ पत्र्याची प्लेट एकदा पडली की वाकते आणि त्यानंतरचा प्रत्येक काप तिरका येतो. पात्याच्या मधल्या छिद्राचा व्यास मशीनपरत्वे बदलतो. तो नीट जुळणारेच पाते घ्यावे, पट्टी गुंडाळून बसवू नये. मशीनसोबत येणारे २४ दात्यांचे पाते साध्या लाकडासाठी ठीक, प्लायवूडला ४० आणि सनमायका लावलेल्या शीटला ६० दाते हवेत.

अनेक अपघात शीट चुकीची टेकवल्याने होतात. दोन स्टुलांवर दोन टोके ठेवली की मधोमध शीट झोळते, काप मिटतो, पाते चिमटले जाते आणि मशीन माणसाच्या दिशेने मागे फेकले जाते. त्यासाठी जमिनीवर चार पट्ट्या टाकाव्यात, काप-रेषेच्या प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे दोन्ही तुकडे स्वतःच्या आधाराने राहतील. १८ मिमी प्लायसाठी पाते २३-२४ मिमी खाली सोडावे, त्याहून जास्त नाही. दाते खालून वर कापतात, म्हणून चांगली बाजू खाली. बेस प्लेटची कड ते पाते हे अंतर मोजून तेवढ्यावर सरळ पट्टी क्लॅम्पने आवळावी आणि मशीन तिला टेकवून चालवावे. मशीनच्या थेट मागे उभे राहू नये. सैल बाही, ओढणी, कापडी हातमोजे नकोत. पाते हातमोजा पकडते आणि हातही ओढून घेते.

पावसाळ्यात फुगलेल्या दरवाजासाठी मात्र करवत लागतच नाही. दोन-तीन मिमी काढायचे असतात, तिथे रंधाच बरा.

बॅटरीवरच्या मशीनबाबत एवढेच: ‘२० व्होल्ट’ आणि ‘१८ व्होल्ट’ ही बहुधा एकाच बॅटरीची नावे असतात, पहिला आकडा पूर्ण चार्जचा. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

विजेचे मशीन १२००-१४०० वॅटचे असेल तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर, दीड चौरस मिमी तारेच्या, पूर्ण उलगडलेल्या एक्स्टेन्शनने चालवावे. गुंडाळलेली तार तापते. पात्याखाली वायर आली तर जीव वाचवणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घरात आहे का, हे आधी पाहावे. भुशासाठी एन-९५ मास्क लावावाच, विशेषतः एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली शीट) कापताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारक ठरवली आहे.

आपले,
सुतारकाम व्यवसायातील काही वाचक, नाशिक